सत्तावीस नंबरची माशी

मी रोह्याला माशा मारायला जाते, असं आमच्या गावात सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्याला मजा वाटायची, ऐकणाऱ्यालाही वाटायची, फक्त आई चिडायची. "माझी पोर माशा मारत नाय, माशा बांधते," असं ती भांडणाच्या सुरात सांगायची आणि त्यामुळे लोक आणखीच हसायचे. आज नातवंडांना हे सांगायला बसले की त्यांचेही चेहरे तसेच होतात, म्हणून आधी माशी म्हणजे काय ते सांगून टाकते. नखाएवढी बारीक गरी, म्हणजे मासे पकडायचा गळ, घ्यायची. तिच्या दांड्यावर रेशमाचा दोरा गुंडाळून पोट करायचं, मागे पिसाचे चार केस लावून शेपूट करायचं आणि पुढे कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळून त्याची झालर उभी करायची. शेवटी गाठ मारली की ती गरी लांबून खरीखुरी माशी दिसते. साता समुद्रापलीकडे थंड नद्यांमध्ये हौशी लोक असल्या माश्यांनी मासे पकडतात. त्या माश्या रोह्यात एका घराच्या ओटीवर बसून आम्ही सहा बायका बांधत होतो आणि त्यातल्या एकीनेही ती नदी किंवा तो मासा पाहिलेला नव्हता.

ओटी कुमुदताईंची. त्यांना आम्ही नुसतं ताई म्हणायचो. लग्नानंतर काही वर्षं त्या मुंबईला होत्या, तिथे एका शेठच्या कारखान्यात हे काम शिकल्या आणि नवरा वारल्यावर आईकडे रोह्याला परत आल्या. रडत बसल्या नाहीत. ओटीवर सहा टेबलं टाकली, प्रत्येक टेबलाच्या कडेला गरी धरून ठेवणारा छोटा लोखंडी चिमटा बसवला आणि शेठकडून काम आणलं. नमुन्याची एक माशी, तिच्याबरोबर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, गऱ्यांच्या पुड्या आणि पिसं, असं सगळं मुंबईहून यायचं आणि बांधलेल्या माश्या डब्यात भरून परत जायच्या. माझे मामा रोह्याचे. शाळा संपल्यावर मी घरी बसले होते. घरी बसणं याचा अर्थ आमच्याकडे डोक्यावर मिठाची पाटी. आईच्या पायांना मिठागराने पडलेल्या भेगा मी लहानपणापासून पाहत होते. रात्री ती त्यात मेण वितळवून भरायची. त्यामुळे मामांनी ताईंच्या ओटीचं नाव काढलं तेव्हा मी कापडाची पिशवी भरून दारात उभी राहिले. काम काय आहे ते विचारायचंही मला सुचलं नाही.

मामांचं घर शेतकऱ्याचं, आमचं खाडीचं. दोन्हींत एस.टी.चा दोन तासांचा प्रवास, पण स्वयंपाकघरात शिरलं की वेगळ्या मुलखात आल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे मासळीशिवाय जेवणाला जेवण म्हणत नसत. मामीकडे वालाचं राज्य. वालाचं बिरडं, वालाची उसळ, वाल घातलेला भात. पहिले आठ दिवस मी मान खाली घालून जेवले. नवव्या दिवशी मामीने माझ्या ताटात चुलीवर भाजलेली सुकट आणि कांदा वाढला तेव्हा मला रडू आलं. मामी बोलायला फटकळ, पण हात मायेचा. तिच्याकडे तांबूस मानेचा एक दांडगा कोंबडा होता. तो पहाटे असा काही ओरडायचा की अख्खी आळी उठून बसावी. ताईंना त्याच्या मानेची पिसं फार आवडायची. एकदा त्यांनी ती सहज मागितली तर मामी म्हणाली, "आधी माझ्या मानेची न्या, मग त्याच्या." तो कोंबडा म्हातारा होऊन आपल्या मरणाने मेला आणि शेवटपर्यंत त्याचं एकही पीस कुणाला मिळालं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलाशी द्वारका बसायची. ती निडीची, रोज एस.टी.ने येणारी. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिला नवऱ्याने टाकली होती आणि लहान मुलीला घेऊन ती भावाच्या घरी राहत होती. भावाच्या घरी राहणं म्हणजे काय ते तिने मला एकदाच सांगितलं, तेही हसत. "आधी वैनी मला शेवटी वाढायची. कामाला लागले तवापासून माझी भाकरी टोपल्याखाली झाकून ठेवते." एवढंच. भात कापताना विळा लागून तिच्या डाव्या हाताचं एक बोट कायमचं ताठ झालं होतं. त्यामुळे दोरा गुंडाळताना तिचा हात अडायचा आणि तिच्या माश्यांची पोटं थोडी जाड व्हायची. मी तिला सारखी म्हणायची, "हात उचल गो, द्वारके." माझा हात चांगला होता आणि मला ते फार लवकर कळलं होतं. सतराव्या वर्षी एखादी गोष्ट येते म्हटल्यावर माणूस जरा जास्तच ताठ चालतो. मी तर दांडाच गिळल्यासारखी चालत होते.

मग सत्तावीस नंबर आला. आमच्याकडे माश्यांना नावं नव्हती, नंबर होते. त्याआधीच्या माश्या भरघोस, रंगीत, कानात घालाव्या अशा. सत्तावीस नंबर अगदी साधी, गवताच्या रंगाची, पण मानेभोवती कडक पिसाची दाट झालर. चिठ्ठीत 'ड्राय' असा शब्द होता. ताईंनी त्याचा अर्थ लावला की हिला दमट हवा चालत नाही, म्हणून आम्ही डबे रोज दोन तास उन्हात ठेवायचो. काम मोठं होतं आणि शेठने कळवलं होतं की हे नीट झालं तर वर्षभर हाच नंबर मिळेल. ताई दिवसातून तीनदा ते पत्र वाचायच्या. ओटीचं पुढे काय होणार ते त्या पत्रात होतं, हे आम्हा सहाजणींना न सांगता समजलं होतं.

महिन्यातून दोनदा मी घरी जायची. रोह्याहून निडी, नागोठणं, कासू करत पेण, आणि पेणहून खाडीच्या बांधावरून चालत आमचं गाव. त्या खेपेला मी ताईंना विचारून एक सत्तावीस नंबर कागदाच्या पुडीत घालून नेली. बा ओट्यावर जाळं शिवत बसला होता. बा म्हणजे माझे वडील. मिठागरावर मजुरी करायचा, पण खरा जीव त्याचा खाडीत. जिताडा गळाला लावावा तर त्याने. भरतीचं पाणी पाहून कुठल्या उतारावर मासा चरत असेल ते तो सांगायचा आणि गावातले म्हातारेही गप्प ऐकायचे. मी पुडी उघडून माशी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती वळवून वळवून पाहिली. "गरी झ्याक हाय," म्हणाला. मग शेजारच्या घमेल्यात पाणी होतं, त्यात टाकली. माशी पाण्यावर उभी राहिली. त्याने बोटाने दाबली, ती परत वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. बा आधी बारीक हसला, मग मोठ्याने हसला, मग आईला हाक मारून म्हणाला, "अगो, हिकडं ये. सायबाची गरी बघ, बुडतच नाय!"

"तशीच असंल ती," मी म्हणाले. मला उगीचच ताईंचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

"तशी कशी असंल? मासा चरतो तळाला. जिताडा काय आभाळाकडं तोंड करून बसतो व्हय? वजन घालायचं इसरला तुजा सायब. मोटी मानसं इसरतात."

मग तो उठला. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या एका डब्यात असायच्या, त्यातली एक काढून त्याने दगडावर ठेवली आणि हातोडीने ठोकून ठोकून पिंपळाच्या पानासारखी पातळ केली. आईच्या कात्रीने तिच्या केसासारख्या पट्ट्या कापल्या. पोट गुंडाळायच्या आधी ही पट्टी दांड्यावर दोन वेढे घ्यायची, वरून रेशीम, कुणाला दिसायचं नाही. मी तिथेच तीच माशी सोडवून, पट्टी घालून पुन्हा बांधून दाखवली. घमेल्यात टाकली तर सरळ तळाला गेली. बाच्या तोंडावर असं समाधान पसरलं की मलाही वाटलं, आपण मोठं काम केलं.

"ताईंना सांगते मी," मी म्हणाले.

"कशाला?" बा म्हणाला. "दुसऱ्याच्या जाल्याला भोक दिसलं तर आपन काय करतो?"

हे आमच्या गावचं आहे, दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. बांबूवर कुणाचंही जाळं वाळत असलं आणि जाणाऱ्याला त्यात भोक दिसलं, तर त्याने बसून ते शिवायचं आणि वाटेला लागायचं. मालकाला सांगायचं नाही. सांगितलं तर उपकार दाखवल्यासारखं होतं, आणि तुझं लक्ष नव्हतं असंही त्यात येतं. आमचं जाळं कितीदा तरी असं परस्पर शिवलेलं सापडायचं आणि ते कुणी शिवलं हे आम्हाला कधी कळलं नाही. तर बाचं म्हणणं असं की सायब विसरला, आपण गुपचूप शिवून द्यावं. त्याने आणखी चार गोळ्या ठोकून पट्ट्या करून दिल्या. मी त्या रुमालात बांधून रोह्याला नेल्या. आज हसू येतं, पण त्या बसमध्ये मी रुमाल मांडीवर घेऊन बसले होते आणि सायबाची अब्रू माझ्या हातात आहे अशी माझी खात्री होती.

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे मी प्रत्येक माशीत शिसं घातलं. शिशावर रेशीम घट्ट बसतं आणि पोट गुळगुळीत होतं. ताईंनी एक माशी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "पोट जरासं भरलंय, पण हात बसला हो तुझा, यमुना." मी फुलून गेले. एकदा द्वारका वाकून म्हणाली, "काय गो ते चकाकतंय?" मी म्हणाले, "काही नाही, चंदेरी कागद आहे." तिने माझी एक बांधून झालेली माशी उचलली, तळव्यावर ठेवली आणि परत ठेवून दिली. मला वाटलं, नमुना बघते आहे.

डबे मुंबईला गेले आणि आठवड्याभरात परत आले. बरोबर शेठचा माणूस. तोही बिचारा वाईट नव्हता, घामाघूम झाला होता आणि आल्या आल्या त्याने पाणी मागितलं. ताईंच्या आईने तांब्या आणला तर म्हणाला, "प्यायला नको, परातीत द्या." भाकरीचं पीठ मळायची पितळी परात ओटीच्या मधोमध आली, तिच्यात पाणी ओतलं आणि त्याने डबा उघडून एकेक माशी वरून सोडायला सुरुवात केली. पहिली पाण्यावर उतरली आणि झालरीच्या टोकांवर उभी राहिली. दुसरीही. एवढे दिवस आम्ही बांधत होतो, पण पाण्यावर उभी राहिलेली माशी त्या बायकांनी प्रथमच पाहिली. एक जण "अगो बाय" म्हणाली. वाऱ्याने त्या परातीत इकडून तिकडे चालायला लागल्या तेव्हा सगळ्या खुदकन हसल्या. मग एक पडली ती थेट तळाला. मग आणखी एक. ती माझी आहे हे तिच्या पडण्यावरूनच मला समजलं.

"तिकडच्या नदीतला हा मासा वरची माशी खातो," तो माणूस म्हणाला. "पाण्यावर पडलेली जिवंत माशी समजून तो वर येतो आणि उचलतो. चिठ्ठीतल्या 'ड्राय'चा अर्थ तोच, कोरडी राहून तरंगणारी. ही तरंगली नाही तर कवडीच्या कामाची नाही. शेठनी विचारलंय, असला हात कुणाचा आहे? त्या बाईला या नंबरावर बसवू नका. पुन्हा असं आलं तर काम दुसरीकडे जाईल."

बा चुकला होता. खाडीतला सगळ्यात शहाणा माणूस चुकला होता, हे आधी माझ्या डोक्यात शिरेना. ताईंनी परातीच्या तळातून दोनचार माश्या काढल्या, बोटांत फिरवल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "पोटं जाड आहेत. जाड पोट पाणी पितं." त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण जाड पोट म्हटल्यावर पाच डोकी एकाच टेबलाकडे वळली. द्वारका उभी राहिली. "माझ्या नसतील, ताई," म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी परातीत पाहत राहिले. आता बोलायचं, असं मी मनात म्हणत होते आणि तोंडात जीभ अशी जड झाली होती की जणू तिच्यावरही दोन वेढे शिसं आहे. मला मिठागर दिसत होतं. आईचे पाय दिसत होते. बाला सगळे हसताहेत असंही दिसत होतं. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "द्वारका, थोडे दिवस घरी राहा. दुसरा नंबर आला की मी बोलावते." दुसरा नंबर येणार नव्हता, वर्षभर सत्तावीसच होता. द्वारकेने आपली कात्री पुसली, दोऱ्याची रिळं नीट लावून ठेवली आणि जेवणाचा डबा घेऊन पायऱ्या उतरली.

पुढचं लिहायला हात मागे सरतो, पण लिहिते. परातीत बुडालेल्या माश्या वेगळ्या काढून सोडवायच्या होत्या, म्हणजे गऱ्या आणि पिसं वाया जाणार नाहीत. मी म्हणाले, "मी सोडवते, ताई." सगळ्यांना वाटलं, काय गुणाची पोर! दुसऱ्याची चूक निस्तरते. ताईंनी पाठीवरून हात फिरवला. मामीला कुणीतरी जाऊन सांगितलं, तर तिने त्या दिवशी मला घावन करून घातले. मी चार दिवस ब्लेडने पोटं कापत होते, शिशाच्या पट्ट्या पदराच्या गाठीत बांधत होते, आणि ज्या कामासाठी मला शाबासकी मिळत होती ते पुरावा लपवण्याचं काम होतं. शेजारचं टेबल रिकामं. त्या चार दिवसांत मला कुणी एक थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं, पण जो तो माझ्याशी गोड बोलत होता.

शनिवारी घरी गेले. आईने खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण केलं होतं, माझ्या आवडीचं. बा जेवणाआधी म्हणाला, "काय गो, सायबाचं काय पत्र?" त्याच्या आवाजात फार उत्सुकता होती. मी पदराची गाठ सोडून पट्ट्यांचा गोळा त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. परात, उभ्या राहिलेल्या माश्या, वर येणारा मासा, द्वारका. बा ऐकत राहिला. वर येऊन खाणाऱ्या माशाचं सांगितलं तेव्हा एकदाच म्हणाला, "येतो वर?" मी म्हणाले, "तो माणूस म्हणाला तसं." बाने मान हलवली. हसला नाही, कुणावर चिडलाही नाही.

मी म्हणाले, "बा, तूच सांगितलं होतंस ना, बोलायचं नाही म्हणून?"

हे म्हटल्याची मला आजही लाज वाटते. बा माझ्याकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याच्या जाल्याचं भोक गप शिवायचं, यमे. आपन पाडलेलं भोक आपन सांगायचं. भोक आपन दोघांनी पाडलं, आन जालं त्या पोरीचं फाटलं." मग ताट पुढे ओढून म्हणाला, "जेव. सकाळच्या येस्टीनं जायचंय. आधी निडी, मग रोहा."

ताईंचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. रविवारी दुपारी बा त्यांच्या ओटीवर गेला, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, अक्कल माझी, हात हिचा." ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिसं घातलंस ते अडाणीपणाने. तो अडाणीपणा माझाही होता, मी डबे उन्हात वाळवत बसले. पण पाच दिवस गप्प राहिलीस, ते तुझं एकटीचं." महिनाभर त्यांनी मला चिमट्याला हात लावू दिला नाही, नुसती पिसं निवडायला बसवलं. शेठला त्यांनी स्वतःच्या नावावर चूक लिहून कळवली आणि काम राहिलं. द्वारकेला त्यांनी परातीवर बसवलं. तिथून पुढे प्रत्येकीची प्रत्येक माशी तिच्यासमोर पाण्यावर उभी राहायची आणि मगच डब्यात जायची. माझीसुद्धा. बाने जाताना ताईंकडे एक सत्तावीस नंबर मागून घेतली. ती शेवटपर्यंत त्याच्या टोपीला टोचलेली होती. पण वर येणाऱ्या माशावर त्याचा पुरता विश्वास काही बसला नाही. गेल्या वर्षी नातवाने मोबाइलवर मला दाखवलं. थंड, काचेसारखी नदी, वर एक बारीकशी माशी तरंगत येते आणि खालून एक ठिपक्यांचा मासा सावकाश वर येऊन तिला उचलतो. मी तीन वेळा पाहिलं. "येतो रे वर, बा," असं मोठ्याने म्हणाले आणि नातू माझ्याकडे बघायला लागला.

आता निडी. एस.टी.तून उतरून आम्ही विचारत विचारत गेलो. द्वारकेच्या भावाचं घर रस्त्यापासून फार लांब नव्हतं. बा कुंपणाशी थांबला आणि म्हणाला, "तुजं तू बोल. लागलं तर मी हाय." द्वारका अंगणात बसली होती. पुढ्यात भिजवलेल्या वालांचं मोठं पातेलं, आणि ती बिरड्यासाठी एकेक दाणा सोलत होती. ताठ बोट बाजूला ठेवून बाकीच्या बोटांनी ती इतकं भराभर सोलत होती की हीच का ती, असं मला वाटलं. तिची मुलगी पायाशी सालं गोळा करत होती. दारातून वहिनीने डोकावून पाहिलं आणि आत गेली. आदल्या पाच दिवसांत या घरात काय झालं असेल ते त्या डोकावण्यावरून समजत होतं. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. शिसं मी घातलं होतं. माश्या माझ्या होत्या. तू गेलीस तेव्हा मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आता बा आणि मी ताईंना सांगायला रोह्याला निघालोय, तूही चल.

द्वारकेचे हात थांबले नाहीत. "ठाव हाय मला," ती म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"चंदेरी कागद म्हनालीस. कागदाला वजन असतं व्हय? मी हातावर घेऊन बघितली व्हती तुजी माशी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, सगळ्यांसमोर?"

"तुजं व्हतं ते. मी बोलले असते तर चुगली झाली असती." तिने सोललेला वाल पातेल्यात टाकला. "वाटलं, आज नाय तर उद्या सांगंल. रोज सकाळच्या येस्टीच्या टायमाला मी हंडा घेऊन रस्त्यावर जायची. वैनी म्हनायची, घरात पानी हाय, पुन्ना कशाला जातेस? तू उतरशील म्हनून जायची." मग तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "पाच दिस लागले गो तुला."

मी तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले आणि रडले, तिच्या मुलीदेखत, कुंपणाशी उभ्या असलेल्या बादेखत. तिने मला रडू दिलं. मग पातेलं दोघींच्या मधे सरकवलं. "हे संपल्याबिगर मला निघता यायचं नाय," म्हणाली, "वैनीचं काम हाय. सोलू लाग." रस्त्यावर रोह्याच्या एस.टी.चा आवाज यायला लागला. मी घाईघाईने वाल सोलायला घेतले आणि दाणे मधोमध तुटत होते. द्वारकेने माझा हात धरला.

"हळू कर," ती म्हणाली. "पाच दिस थांबले मी. आनखी एक येस्टी गेली तर गेली."